इंदूचा दुसरा स्वाध्याय

इंदू सोमकुवरला कोणी विचारलं, की बाई, तू करतेस काय, तर ती म्हणायची, "टायपिंग करतो." ते खोटं नव्हतं. पण पांढुर्णा ते सौसर जाता-येता बसमध्ये जाणारे तीन तास त्या उत्तरात बसत नव्हते, आणि तिचं खरं जगणं त्या तीन तासांतच चालायचं.

१९८६ साल होतं. इंदू सत्तावीस वर्षांची. सकाळी सव्वासातची गाडी धरून ती सौसरला जायची, तिथं कोर्टासमोर हेमंत सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दिवसभर अर्ज आणि अहवाल टाइप करायची आणि दिवेलागणीला परत यायची. गाडीत बाकीचे लोक डुलक्या घेत. इंदू डोळे उघडे ठेवून स्वप्नं पाहायची. धुक्यात संत्र्याच्या बागा सरकत जात, मध्येच एखाद्या बागेच्या भिंतीवर बैलाच्या पाठीएवढ्या अक्षरांत कुठल्या तरी खताचं नाव यायचं, आणि तिला वाटायचं, हे कोणासाठी लिहिलं असेल? गाडीतले लोक झोपलेत. बाग राखणाऱ्याला वाचता येत नाही. मग ही एवढी मोठाली अक्षरं दिवसभर उन्हात उभी राहून कोणाशी बोलत असतील?

याच नादापायी तिनं नागपूरच्या एका संस्थेची पोस्टानं शिकायची पदविका करायला घेतली होती. विपणन आणि माध्यम नियोजन असं तिचं भारदस्त नाव. दर महिन्याला धड्यांचं पाकीट यायचं. तिची आई शांताबाई संत्र्याच्या तोडणीला जायची. पाकीट उलटंसुलटं करून तिनं एकदा विचारलं, "हे कशाचं शिक्षण होय वं?"

"कोणती गोष्ट कोणाले सांगाव, कुठं सांगाव, अन् कधी सांगाव, त्याचं."

"ते त बाया नळावर रोजच करतेत," शांताबाई म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वळली. धूर तिच्या तोंडावर आला. ती खोकली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा फुंकू लागली.

पदविकेचा शेवटचा स्वाध्याय मोठा होता. आपल्या गावासाठी एखाद्या वस्तूची संपूर्ण माध्यम योजना करायची: कोणापर्यंत पोचायचं, कशातून, किती वेळा, आणि का. इंदूनं अंगाचा साबण घेतला. पुस्तकातली कोष्टकं समोर ठेवून तिनं वर्तमानपत्र, मासिक, रेडिओ, टीव्ही, सिनेमाची स्लाइड असं सगळं रांगेत मांडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीची जत्रा, भरते, तिथं पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे हजारो लोक जमतात, म्हणून तिथंही फलक लावावेत, असं लिहिलं. सुंदर अक्षर, पट्टीनं आखलेल्या रेघा. तिला वाटलं, पहिला नंबर येणार.

दिवाळीनंतर पाकीट परत आलं. शंभरपैकी चौतीस. खाली परीक्षकांनी लिहिलं होतं: "योजना पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. पण हे गाव कोणतं? मला यात एकही माणूस भेटला नाही. गोटमारीत लोक दगडांकडे पाहतात की फलकाकडे? आठ आठवड्यांत पुन्हा पाठवा."

दोन दिवस इंदू ते पाकीट पिशवीत घालून जात-येत राहिली. खिडकीबाहेर बागा सरकत होत्या आणि तिला वाटत होतं, परीक्षकबाई किंवा बुवा, जे कोण असतील ते, नागपुरात बसून आपल्याला आरपार पाहतायत. त्यांचं म्हणणं खरं होतं, हेच जास्त लागलं होतं.

त्याच आठवड्यात एक संस्थेवाले गृहस्थ टाइप करायला अहवाल घेऊन आले. त्यांची संस्था मोहगावच्या आसपास बिनधुराच्या चुली बांधून देत होती. मातीची चूल, मागून धुराडं, धूर छपराबाहेर. अहवालात लिहिलं होतं: बांधलेल्या चुली साठ, वापरात अकरा. इंदूची बोटं त्या आकड्यावर थांबली. भोंगा लावून रिक्षा फिरवली होती, पत्रकं वाटली होती, आकाशवाणीवरून माहिती दिली होती. तरी एकोणपन्नास बायका धुरातच का बसून आहेत? तिला शांताबाईचे लाल डोळे आठवले. साबण तिथंच सुटला आणि चूल हातात आली.

त्या दिवशी परतताना मोहगावला देवकाबाई गाडीत चढली. देवकाबाई कासारीण. पन्नाशीची, डोक्यावर बांगड्यांची टोपली, खांद्याला झोळी. सौसर, मोहगाव, लोधीखेडा, पांढुर्णा, असा तिचा महिन्याचा फेरा. इंदूच्या शेजारी जागा मिळाली तशी ती बसली आणि सवयीनंच तिनं इंदूचा हात हातात घेऊन मनगट पाहिलं.

"दोनच उरल्या. टायपिंगनं फुटते काय?"

"मशीनवर आपटते, मावशी."

देवकाबाई हात धरूनच बोलत राहिली. लोधीखेड्याच्या कोणाच्या सुनेला जुळं झालं, कोणत्या दुकानी तेल चांगलं मिळते, सौसरला डोळे तपासायचा डॉक्टर कोणत्या दिवशी येतो. इंदू ऐकत होती. हळूहळू तिला जाणवलं, की अर्धा तास झाला आणि आपण खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. तिच्या मनात धुक्यातल्या दिव्यासारखं काहीतरी पेटलं.

"मावशी, एका बाईले बांगड्या भराले तुमाले किती वेळ लागते?"

"हात नरम असला त दहा मिनिटं. कडक असला त वीस."

"अन् दिवसाची किती घरं?"

"मोजते कोण, बाई?"

"मी मोजतो," इंदू म्हणाली.

पुढचे तीन आठवडे सुटीच्या दिवशी आणि हेमंत सरांकडून मागून घेतलेल्या चार रजांना ती देवकाबाईसोबत फिरली. सकाळच्या उन्हात दोघी चालायच्या, टोपलीत काचा किणकिणायच्या, आणि इंदूला वाटायचं, आपण जागेपणी चाललोय की गाडीतलं स्वप्नच पायी चालतंय. वहीत ती लिहायची: घरं चौदा, बायका एकतीस, वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. रेडिओवर बायकांचा कार्यक्रम लागायचा त्या वेळी बहुतेक बायका वावरात असायच्या, आणि घरातला रेडिओ पुरुषांच्या खोलीत, उंच फळीवर. पत्रकं पोरांच्या वह्यांना पुठ्ठा म्हणून लागली होती.

मोहगावला मालती नावाच्या बाईकडे नवी चूल होती. देवकाबाई ओसरीत बसली, इंदू बाजूला. मालतीनं विचारलं, "ही कोण?"

"माह्यासंगची हाये."

"ते दिसून राहिलं. कोणाची?"

"सोमकुवर," इंदूनं स्वतःच सांगितलं. "पांढुर्ण्याची."

मालतीनं अंगावरचा पदर आवरून घेतला. मग हात पुढं करून देवकाबाईसमोर बसली. देवकाबाई बोटांची हाडं हळूहळू दाबत होती. हात सैल पडल्यावर ती म्हणाली, "मालते, तुही नवी चूल दाखव ना हिले."

"तिथून दिसते की," मालती म्हणाली.

इंदू स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही. आत नव्या चुलीवर कोंबडी बसली होती आणि शेजारी तीन दगडांवर भाजी शिजत होती. वर छपराच्या दांडीला मक्याची कणसं ओळीनं टांगलेली, धुरानं काळपटलेली.

मागून देवकाबाईनं सहज विचारलं, "काऊन वं, ते चूल चांगली नाही काय?"

"चांगली हाये. पण धूर बाहेर गेला त बियाण्याले कीड लागन. सासू म्हणते, धूर हाये म्हणून कणसं टिकते. अन् त्या चुलीत भाकर फुगत नाही, विस्तवच पुढं ओढता येत नाही."

इंदूनं उंबरठ्यावर उभ्या उभ्या लिहून घेतलं. बियाणं. भाकर. भोंग्यानं, पत्रकानं, रेडिओनं डोळ्यांच्या आजाराबद्दल सांगितलं होतं. या दोन गोष्टींबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तरी मालतीनं संस्थेच्या माणसाला हे सांगितलं नसतं. हात देवकाबाईच्या हातात होता, म्हणून सांगितलं. बाहेर पडल्यावर इंदू देवकाबाईच्या मागून चालत राहिली. आपण ज्या उंबरठ्याशी थांबलो, तो देवकाबाई रोज ओलांडते, पाटलाच्या घरचाही आणि आपल्या बुद्धविहारामागच्या घरांचाही. देवकाबाईच्या आधी तिची सासू बांगड्या विकायची, पण त्या वस्तीत ती कधी आली नव्हती. बायकांना बाजारात जाऊन, दुकानाबाहेर उभं राहून बांगड्या घ्याव्या लागत, आणि स्वतःच भराव्या लागत. देवकाबाई पहिली आली आणि तिनं हात धरला.

सातव्या फेरीनंतर इंदूनं तिला आपली योजना सांगितली. तुमच्यासारख्या चार बांगडीवाल्या, त्यांना आधी चूल शिकवायची, मग त्यांनी घरोघरी सांगायची. देवकाबाईनं टोपली खाली ठेवली.

"तू पेटवली काय ते चूल?"

"नाही."

"तुह्या मायनं?"

"नाही."

"मंग मी नाही सांगणार. बाई मले हात देते, इंदू. मी दाबला त काच मनगटात घुसते. ते तरी डोळे मिटून बसते. तिले मी न पाहिलेली गोष्ट सांगू काय?"

इंदू वरमली. दुसऱ्या दिवशी तिनं संस्थेच्या गृहस्थांना गाठून आपल्या घरी चूल मागितली. शांताबाई दोन दिवस रुसली, जुन्या चुलीला हात लावू देईना. शेवटी नवी चूल ओसरीत बांधली गेली. पहिले चार दिवस भाकरी खरोखरच फुगल्या नाहीत. पाचव्या दिवशी शांताबाईनं स्वतःच कोयत्यानं चुलीचं तोंड चार बोटं रुंद केलं, विस्तव पुढं ओढला, आणि भाकर टम्म फुगली. तिनं ती हातावर घेऊन पाहिली, मग म्हणाली, "बांधणाऱ्यानं कधी भाकर केली नसन." बियाण्याच्या कणसांचे दाणे तिनं कडुनिंबाचा पाला आणि राख घालून एका मडक्यात भरून ठेवले. तिची आई तसंच करायची, म्हणे. पंधरा दिवसांनी इंदूनं मडकं उघडून दाणे तळहातावर घेतले. कीड नव्हती. पंधरा दिवस काही फार नव्हते, आणि तेही तिनं तसंच लिहिलं.

देवकाबाई येऊन त्या चुलीपुढं तासभर बसली. स्वतः दोन भाकरी भाजल्या. जाताना एवढंच म्हणाली, "तोंड रुंद करून देत असन त सांगतो."

स्वाध्याय इंदूनं सलग तीन दुपारी टाइप केला. हेमंत सर मागून वाचत होते.

"बांगडीवाली म्हणजे माध्यम? असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"सर, वीस मिनिटं हात धरून बसणारा रेडिओ कोणता आहे?"

सर हसले. मशीनला नवीन रिबन त्यांनी स्वतः लावून दिली.

पहिल्या पानावर तिनं चुलीचं नाव लिहिलं नाही. मालतीचं नाव बदलून तिची सकाळ लिहिली: किती वाजता उठते, कोणाशी बोलते, कोणाचं ऐकते. मग बायकांच्या दोन शंका. मग वस्तूतच करायचा बदल, कारण भाकर न फुगवणाऱ्या चुलीची जाहिरात करू नये. त्यानंतर माध्यमं. पहिली बांगडीवाली, तिचा फेरा, घरं, मिनिटं. दुसरं, प्रत्येक गावात एका बाईची पेटती चूल. रेडिओ तिसरा, तोही संध्याकाळी, पुरुषांसाठी, कारण माती आणून देणार तेच. गोटमार तिनं काढून टाकली. शेवटी काय माहीत नाही तेही लिहिलं: पावसाळ्यात बियाणं टिकेल की नाही, हे अजून पाहायचं आहे.

आठ आठवड्यांना दोन दिवस उरले असताना तिनं पाकीट रजिस्टर केलं. पोस्टातून बाहेर आल्यावर तिला वाटलं, अंगातून काहीतरी उचलून नेलंय आणि आपण कापसासारख्या हलक्या झालोय.

मार्चमध्ये उत्तर आलं. एकाहत्तर. परीक्षकांनी कडक शेरेही मारले होते: चार बांगडीवाल्यांपैकी तिघींशी बोलणंच झालेलं नाही, एकीवरून सगळ्यांचा अंदाज बांधला आहे. खाली एक ओळ: "या वेळी माणसं भेटली." सही प्रतिभा अशी होती, म्हणजे बाईच होत्या.

पदविकेचा कागद आला, पण नागपूर-मुंबईहून कोणी बोलावलं नाही. इंदू टायपिंगच करत राहिली. उन्हाळ्यात ते संस्थेवाले गृहस्थ स्वाध्यायाची कार्बन प्रत मागायला आले. वाचून दोन गावांत तसं करून पाहायचं ठरवलं, आणि काम इंदूवरच सोपवलं. राहिलेल्या तिघी कासारणींना ती त्या उन्हात शोधत फिरली. एक नाही म्हणाली, दोघी तयार झाल्या. पावसाळ्यात बियाण्याला थोडी कीड लागलीच. पाला वाढवावा लागला. मालतीच्या सासूनं शेवटपर्यंत ऐकलं नाही. तरी पुढच्या संक्रांतीपर्यंत त्या दोन गावांत त्रेसष्ट चुलींपैकी चाळीस पेटत होत्या, आणि इंदूनं हेमंत सरांचं मशीन सोडलं होतं.

त्या फेब्रुवारीत ती लोधीखेड्याला जायला छोट्या रुळांच्या आगगाडीत बसली. गाडी बैलगाडीच्या बेतानं चालली होती. डब्यात तिच्यासमोर एक अनोळखी बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. इंदूनं वही पिशवीतच राहू दिली. थोडी पुढं सरकून तिनं विचारलं, "कोणत्या गावच्या, ताई?" आणि ती बाई सांगू लागली.