ताईची पेटी, माझी परात
कापराचा वास आला की मला अजून ती बाजाची पेटी आठवते. कसर लागू नये म्हणून तिच्यात कापूर ठेवलेला असायचा. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या वर्षी बारामतीला आमच्या घरी ताईला पेटी शिकवायला मास्तर येऊ लागले. ताई रंगानं सावळी, तेव्हा बघायला येणाऱ्यांपुढं एखादा गुण दिसायला हवा होता. “मलाबी शिकू द्या की,” मी म्हटलं, तर आई म्हणाली, “तू गोरी हायस, तुझं लगीन असंबी जमंल. भाकरी थाप.” मी चुलीपुढं बसून ऐकायची आणि परातीच्या काठावर बोटं चालवायची. ताई रोज एकाच जागी चुकायची, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. इंदापूरचे पाहुणे आले त्या दिवशीही ती तिथंच चुकली. माझं बोट बरोबर पडलं, पण परातीला सूर कुठला? पाहुण्यांना चूक कळलीच नाही. “पोरगी गुणाची हाय,” म्हणत त्यांनी सुपारी फोडली. पेटी ताईबरोबर सासरी गेली आणि तिथं तिनं ती उघडलीसुद्धा नाही. माझं लगीन खरंच रंगावर जमलं. आता तो रंग उतरला, ताईही गेली. तरी परातीवर बोट बरोबर पडलं की मी अजून तिच्यावर जळते.