कशालाच न जोडलेला खड्डा

मेंढ्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या. सोपानमामा काठावरून त्यांना हाकत होते आणि त्या वास घेऊन मागे सरत होत्या. पाण्यावर पांढुरका थर आला होता. वरच्या अंगाला आमच्या पुलाचं काम चालू होतं.

"ताई, काल दोन मेंढरं गेली," मामा मला म्हणाले. "एक गाभण व्हती. तुमच्या गाड्या धुत्यात त्येचंच पाणी हाय का न्हाय हे, तेवढं सांगा."

मी त्या साइटची प्लॅनिंग इंजिनिअर. कोणतं काम कशानंतर आणि कधी होणार, त्याचं शेड्यूल सांभाळणारी. मामा धनगर. तेरजवळच्या एका शेतकऱ्यानं लेंडीखतासाठी त्यांचा कळप रानात बसवून घेतला होता. उन्हाळ्याचे दिवस, त्या मुक्कामात पाणी काय ते ओढ्याचंच.

साइटच्या लॅबमधून पीएचची पट्टी आणून पाण्यात बुडवली. ती गडद निळी झाली, म्हणजे पाणी जहाल क्षारयुक्त. काँक्रीट आणणारी फिरत्या ड्रमची गाडी, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, रिकामी झाली की धुवावी लागते. ते पाणी चुन्याच्या निवळीसारखं जहाल असतं. त्यासाठी अस्तर लावलेला खड्डा करायचा, हे आमच्याच पर्यावरण आराखड्यात होतं. साइटवर खड्डा नव्हता.

"आमचंच आहे, मामा," मी म्हणाले. सांगताना लाज वाटली.

ऑफिसात येऊन हेड ऑफिसनं बनवलेलं शेड्यूल उघडलं. त्यात खड्डा होता, पण एकटाच. शेड्यूलमध्ये कामं एकमेकांना लिंक केलेली असतात. सळई बांधल्याशिवाय काँक्रीट नाही. मागचं काम लांबलं की पुढचं आपोआप सरकतं आणि साहेबांच्या स्क्रीनवर लाल दिसतं. खड्ड्यापुढे काहीच जोडलेलं नव्हतं. तो कितीही लांबला तरी कुणाचं काही अडत नव्हतं, त्यामुळे खोदाईचा पोकलेन दर वेळी दुसऱ्याच कामाला जायचा. रिपोर्ट हिरवागार आणि ओढ्यात विष. मला संताप आला. मी खड्डा थेट पुलाच्या स्लॅबला जोडून टाकला.

सकाळी प्रोजेक्ट मॅनेजर साळवी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"उद्याचा स्लॅब लाल का दिसतोय?"

"खड्डा झालेला नाही, सर."

"खड्ड्याचा आणि स्लॅबचा काय संबंध?"

"स्लॅब झाला की सगळ्या गाड्या ओढ्यावरच धुतल्या जाणार."

"मग ते एन्व्हायर्नमेंटच्या रिपोर्टमध्ये टाका ना! क्लायंटची मीटिंग तोंडावर आलीय."

"त्या रिपोर्टमध्ये पहिल्यापासून आहे, सर. म्हणूनच कुणी खणला नाही."

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "लिंक काढा."

"काढते. फक्त तसा एक मेल टाका मला."

मेल आला नाही. दुपारी पोकलेन आला. स्लॅब पुढच्या आठवड्यात गेला. मीटिंगमध्ये क्लायंटनं उशिराचं कारण विचारलं, तेव्हा साहेब ठणकावून म्हणाले, "पर्यावरणाची कामं आम्ही शेड्यूलला जोडलीत." जणू त्यांनाच रात्री स्वप्नात सुचलं होतं. मी मान डोलावली. काम झाल्याशी मतलब.

खड्डा पुरा झाला तसं मामांना सांगायला रानात गेले. ते घोड्यावर बिऱ्हाड लादत होते. मुक्काम अजून सरला नव्हता.

"मामा, आता गाड्या खड्ड्यावरच धुतात. ओढ्यात थेंब जात नाही."

"बरं केलं, ताई. पर हितलं पाणी कवा निवळंल? तवर मेंढरांनी काय प्यावं?"

ओढा पुन्हा पिण्याजोगा कधी होईल, याची तारीख कुठल्याच शेड्यूलमध्ये नसते. मामांनी घोडा पुढे काढला. कळप ढोकीच्या दिशेनं निघाला.

नव्या साइटवर गेले की आता मी आधी शेड्यूलमधल्या एकट्या पडलेल्या ओळी शोधते. ज्या कामावाचून साहेबांचं अडत नाही, ते काम कागदावरच राहतं. त्याला साहेबांच्या आवडत्या तारखेला बांधून टाकावं, आणि तेही पहिल्याच दिवशी. मेंढ्या मेल्यावर जोडलेल्या लिंकनं खड्डा झाला, मामांच्या कळपाला पाणी मिळालं नाही.