परात रिकामी झाल्याशिवाय हँडल नाही

मोटारीच्या गॅरेजात जुना नट कुणी फेकत नाही. कधीतरी लागेल म्हणून कोपऱ्यातल्या डब्यात टाकतात आणि डबा भरत जातो. किश्श्यांचंही तसंच. निजामाच्या राज्यात जालन्याला स्टेशनजवळ आमचं गॅरेज होतं. तिथले इतके किस्से माझ्याकडे पडून आहेत, की कुणी नुसतं "दगडूउस्ताद" म्हटलं तरी डबाच उपडा होतो!

दगडूउस्ताद म्हणजे आमचा मुख्य मेकॅनिक. मूळचा कुंभार पिंपळगावचा, हैदराबादेत एका नवाबाच्या मोटारखान्यात काम शिकून आलेला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि स्वतःची तारीफ करायला त्याला दुसरा माणूस लागत नसे. त्याची सगळी इज्जत दोन गोष्टींवर उभी होती. एक त्याचा कान आणि दुसरी त्याची परात.

*

परात आली ती एका नुकसानीतून. माझ्याबरोबर भिकाजी नावाचा मेकॅनिक होता. त्याने जाफराबादला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा कार्बोरेटर साफ केला आणि त्यात एक बारका नट आत पडला. कुणालाच पत्ता नाही. मोटार सुरू करायला पुढून हँडल मारलं, खडखड झाली, आणि पिस्टनला भोक! सिलिंडरवर असे ओरखडे, की बोट फिरवलं तर अंगावर काटा यावा. मुंबईहून सामान येईपर्यंत जाफराबादचे लोक बैलगाडीने गेले, आणि जाताना आमचा उद्धार करत गेले.

दुसऱ्या दिवशी उस्ताद घरून पितळी परात घेऊन आला. म्हणाला, "इंजनातून निघालेला दरेक नट हिच्यात. जो वाकून पाहील त्याच्या खिशातलं सामान बी हिच्यात. ज्याचं त्याच्या जागी गेलं, परात रिकामी झाली, का मंगच हँडल!"

आता घरी पीठ कशात मळायचं, हे त्याने बायकोला विचारलं नव्हतं. एकदा पाहुणे आले तेव्हा वहिनी तडक गॅरेजात आल्या. इंजिन उघडं, परात नटांनी भरलेली.

उस्ताद म्हणाला, "आत्ता देता येत न्हाई."

"मंग मी बी इथून हलत न्हाई!" वहिनी परातीशेजारी बसल्या.

त्या दिवसाइतकं जल्दी इंजिन आमच्या गॅरेजने पुन्हा कधी बसवलं नाही.

*

आता कानाचं ऐका. वडीगोद्रीकडून एक मोटार यायची. एकदा आम्ही चहा पीत बसलो होतो. मोटार अजून वळणापलीकडे, नुसता आवाज येत होता. उस्तादाने बशी खाली ठेवली. "फ्लायव्हीलचा बोल्ट ढिला झालाय हिचा."

ड्रायव्हर येऊन उतरला तो रडकुंडीला. "उस्ताद, पिस्टन गेला! सगळं इंजन खोलावं लागतंय!"

उस्तादाकडे बाभळीची एक काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं आणि दुसरं कानाला. काठी टेकवून त्याने जरा ऐकलं आणि म्हणाला, "पिस्टनला हात लावू नको. खालची पट्टी काढ."

पट्टी काढली. फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाचा, बोल्ट बोटाने फिरत होता! अजून थोडी चालली असती तर बोल्ट सुटून इंजिनाचं कवचच फोडून बाहेर आला असता. ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढली आणि काठीला नमस्कार केला. मीही मनातल्या मनात केला, खोटं कशाला बोलू?

*

एक जहागीरदार साहेब होते. त्यांची मोटार उघडलेली, साहेब कौतुकाने आत वाकायला गेले. उस्तादाने मध्ये परात धरली. "हुजूर, आधी खिसा खाली करा."

त्यांचा कारकून पांढराफटक पडला. साहेबांनी मात्र घड्याळ ठेवलं, अंगठ्या ठेवल्या, अत्तराची कुपी ठेवली, शेवटी शेरवानीचं ढिलं बटणसुद्धा तोडून ठेवलं. म्हणाले, "दरबारात जातानासुद्धा माझी इतकी झडती होत नाही!"

*

आणि ते वऱ्हाड! नवरदेव बाशिंग बांधून मोटारीत बसलेला, इंजिन बसवून झालं, आणि परातीत एक नट उरला. भिकाजी म्हणाला, "आपल्या इंजनाचा न्हाई वाटतं."

"परात रिकामी हाय का? न्हाई. मंग हँडल बी न्हाई."

सगळं पुन्हा खोललं. प्रत्येक नट जागच्या जागी! नवरदेव घामाने भिजला, मुहूर्त टळला. तेव्हा नवरदेवाचे मामा पुढे झाले. "कोणता, ह्यो का? ह्यो तर मला रस्त्यात सापडला. तुमचाच असंल म्हून मीच टाकला परातीत!"

*

पुढे उस्तादाचे कान जाऊ लागले. आम्ही ओरडून बोलायचो, तरी तो कबूल होईना. "मी बहिरा न्हाई झालो रे. मोटारीच हळू बोलून राह्यल्यात!"

एक दिवस गॅरेजच्या मालकांनी त्याच्या मागे उभं राहून मोटारीचा भोंगा वाजवला. उस्तादाने मान वळवली नाही. मालक वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी औरंगाबादहून दुसरा उस्ताद बोलावला. दगडूउस्तादाने काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

नवा माणूस भला होता, हसतमुख होता. आला तसा उघड्या इंजिनावर वाकला, सिलिंडर पाहू लागला. परात तिथेच होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाहुण्याला आल्या आल्या खिसा खाली करा कसं म्हणायचं? दगडूउस्तादानेही परात उचलली नाही. जहागीरदारापुढे परात धरणारा माणूस, पण आपल्या जागेवर आलेल्यापुढे धरायला त्याला संकोच वाटला.

इंजिनाचं वरचं झाकण बसवलं, नट आवळले. परात रिकामी झाली. भिकाजीने हँडल धरलं.

"थांब," उस्ताद उठला. "आधी हळू फिरव."

त्याने काठी घेतली, एक टोक इंजिनाला लावलं. दुसरं कानाकडे गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. मग त्याने ते दातात धरलं, थरथर तरी कळेल म्हणून. डोळे मिटले. भिकाजी हँडल हळूहळू फिरवत होता. मालक जवळ आले.

उस्तादाने काठी दातातून काढली. "आत काहीतरी हाय."

नवा माणूस हसला. "परात तर रिकामी आहे, उस्ताद. एकही नट उरला नाही."

उस्तादाला ते ऐकू आलं नाही. तो आपल्याच नादात म्हणाला, "लोखंड न्हाई ते. सुपारी हाय."

मालकांनी झाकण उघडायला लावलं. पिस्टनच्या माथ्यावर, तेलात माखलेली, अडकित्त्याने कातरलेली सुपारीची खांड!

पाहुण्याचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला. तिथली पानसुपारीची चंची उघडीच होती. मालकांनी परात उचलली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने मान खाली घालून चंची तिच्यात ठेवली.

पुन्हा झाकण बसलं. एकेक नट जागेवर गेला. परातीत फक्त चंची उरली. दगडूउस्तादाने ती आपल्या हाताने उचलली, पुसली आणि पाहुण्याच्या हातात दिली.

"घ्या," तो म्हणाला. "आता झाली परात रिकामी. भिकाजी, मार हँडल!"