टोळीचा अल्सर

वाशीच्या मार्केटात मिरचीची पोती वाहणारे हौसेराव म्हणजे टोळीतले धर्मराज. टोळीत मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जायची, तंबाखूही तशीच. त्यांच्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टरने बजावलं, गोळ्यांचा कोर्स पुरा करा, नायतर रक्त ओकाल. धर्मराजांनी गोळ्याही टोळीत वाटल्या. जळजळ काय त्यांच्या एकट्याच्याच पोटात होती?

आठवड्याभरात टोळी मजेत ढेकर द्यायला लागली आणि हौसेराव मोरीत रक्त ओकले.

दवाखान्यात त्यांच्या बायकोनं, प्रेमलानं, सुनावलं, "आता रगत पन वाटून टाकायचं व्हतं की."

हौसेरावांनी वर लटकलेल्या रक्ताच्या बाटलीकडं बोट केलं. "ते टोळीनंच दिलंय."

प्रेमलानं नव्या कोर्सच्या गोळ्या मात्र आपल्या पदराला बांधल्या.