रुमालात बांधलेला गुळाचा खडा

"वहिनी, एकट्या जाताय? आणि तेही दलालाच्या भरवशावर?" डोंबिवलीहून निघताना दिरांनी विचारलं. म्हटलं, हो, एकटीच, आणि दलालाच्याच भरवशावर. पुरणपोळ्यांचा धंदा माझा, चटके माझ्या हाताला बसतात. मग गूळ कुठून आणायचा हे सोफ्यावर बसून दुसऱ्यांनी का ठरवायचं? मागे त्यांच्याच सांगण्यावरून मोबाइलवर 'थेट' गूळ मागवला होता. आला तो पिवळाधमक, आणि पुरण खारट. ऐन होळीत ऑर्डरी बोंबलल्या आणि भांडायला समोर माणूसच नाही!

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले आणि पायरीवरच चपलेचा अंगठा तुटला. माझ्या दलाल अक्काताई स्कूटर घेऊन उभ्याच होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला स्कार्फ, आवाज खणखणीत.

"चप्पल तुटली व्हय? बरं, गावात येऊन तुटली की! चला, मी आलोय न्यायला." इथल्या बायका 'मी आले' न म्हणता असंच बोलतात. ऐकायला मला फार आवडलं.

आधी मिसळ. कट (तिखट रस्सा) असा की डोळ्यांतून धारा. खाता खाता अक्काताई सांगत होत्या. वडील गुळाचे दलाल. ते गेल्यावर यांनी काम हाती घेतलं. "गडी माणसं म्हणायची, बाई कुठं दलाली करती व्हय? म्हटलं, बघत बसा की."

गडमुडशिंगीच्या वाटेवर लांबूनच गोड धुराचा वास आला. गुऱ्हाळावर काहिलीत (मोठ्या कढईत) रस रटरटत होता. मालक तात्यांनी तयार रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) कोपरा फोडून माझ्या हातावर ठेवला. तपकिरी, ऊन ऊन, वास नाकात भरणारा. भाव अक्काताईंनी आधीच ठरवून ठेवला होता. मी खूश होऊन मान डोलावली आणि खडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. मला शुगर आहे. पुरणपोळ्या विकणाऱ्या बाईला शुगर, हसा खुशाल.

पण तिथं कुणी हसलं नाही. तात्यांचा चेहरा उतरला. "न्हाय पसंत पडला म्हणा की," ते म्हणाले.

बाजूला एक बाहेरगावचा व्यापारी गाडीला टेकून उभा होता. तो लगेच पुढे झाला. "मग सगळा माल मी उचलतो, तात्या. यांच्यापेक्षा चढा भाव देतो. आणि मधे ही बाई कशाला? थेट माझ्याशी बोला."

अक्काताई माझ्या कानाशी आल्या. "ताई, हितं खडा तोंडात टाकला की सौदा पक्का. बांधून नेला की मोडला." मग वळून तात्यांना म्हणाल्या, "पावण्यांना रीत ठावं न्हाय. सांगायची मी इसरलो. शब्द मी दिलाय, तो हाय."

"रीत म्हणजे रीत," व्यापारी म्हणाला.

अक्काताई रव्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "आज हा सौदा मोडला तर उद्या एकबी गुऱ्हाळवाला माझ्यासाठी माल राखायचा न्हाय. मग घरात बसू व्हय मी?" आवाज चढाच होता, पण पदर मुठीत घट्ट आवळलेला.

माझं डोकं सणकलं. चूक माझी आणि पोटावर पाय हिच्या? रुमाल सोडला. खड्याला धागे चिकटले होते. तसाच अख्खा तोंडात कोंबला.

"डॉक्टरांचं मी बघून घेईन," भरल्या तोंडानं म्हटलं. "झाला का सौदा?"

तात्या खो खो हसले. हात धोतराला पुसून त्यांनी अक्काताईंच्या हातावर मारला. "झाला की!" व्यापाऱ्याची गाडी धुरळा उडवत गेली. परतीच्या एसटीत नव्या चपला करकरत होत्या आणि जिभेवर चव रेंगाळत होती.

आपल्याकडे दलाल हा शब्द शिवीसारखा वापरतात. वापरा. माझ्यासाठी रव्यांपुढे उभी राहिली ती दलालच होती.

परवा त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. नंबर कुठून काढला देव जाणे. "ताई, पुढच्या खेपेला थेट आमच्याकडून घ्या. मधली बाई काढून टाका."

दीर समोरच पोळी खात होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "अक्काताईंशी बोला. आणि बोलायला जाल तेव्हा आधी खडा तोंडात टाका."