एक पाऊल पुरतं

ऑर्व्हिल ड्रेसलरने ओहायोतल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांत एकोणतीस वर्षं पंचगिरी केली. फुटबॉल म्हणजे तिकडचा, लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून तो कडेच्या रेषेवर उभा राही. झेल घेणाऱ्याचं पाऊल आत पडलं की बाहेर, हे सांगणं त्याचं काम. रविवारी मात्र सोफ्यावर बसून टीव्हीवर व्यावसायिक संघांचे सामने बघायचा आणि तिथल्या पंचांच्या चुका काढायचा. बायको म्हणायची, तुझ्या आरडाओरड्याने कुत्रा जेवत नाही.

व्यावसायिक खेळात झेल ग्राह्य धरायला दोन्ही पावलं आत पडावी लागतात. शाळेच्या खेळात एक पुरतं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात, शेवटच्या मिनिटाला, कॉय हॅडिक्स नावाच्या पोराने गुण मिळवून देणाऱ्या टोकाच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात उंच उडी घेऊन चेंडू छातीशी कवटाळला. डावं पाऊल आत पडलं, उजवं रेषेबाहेर. ऑर्व्हिलने दोन्ही स्वच्छ पाहिली आणि झेल नाही अशी खूण केली. कॉयची शाळा हरली.

सोमवारी चर्चच्या तळघरात पंचांची नेहमीची बैठक होती. कॉफी पीत एकमेकांना नियमपुस्तकातले प्रश्न विचारायचे. नेमका तोच प्रश्न निघाला, आणि टीव्हीवरचा नियम आपण मैदानावर लावला हे ऑर्व्हिलला कळलं. प्रमुख पंच फेनरने त्याला बाजूला घेऊन समजावलं, निकाल आता बदलत नाही, उगाच गाजावाजा कशाला?

ते कबूल करायला त्याला बावीस वर्षं लागली. एका मे महिन्यात तो कॉयच्या टायरच्या दुकानात गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

कॉयने हातातला पाना खाली ठेवला.

"बाबा हेच म्हणायचे. शाळेत एक पाऊल पुरतं, पोरा, तू झेललास. मीच त्यांना गप्प करायचो. म्हणायचो, पंच दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तुम्ही वरच्या बाकावर. त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"मी त्यांना भेटून सांगतो."

"मार्चमध्ये गेले ते. रोज इथेच बसायचे, खिडकीशी, कॉफी घेऊन."

ऑर्व्हिलने खिडकीकडे पाहिलं. फेब्रुवारीत तो इथवर आला होता. काचेतून आत एक म्हातारा कप धरून बसलेला दिसला, आणि परक्या गिऱ्हाइकासमोर कसं बोलायचं म्हणून त्याने गाडी वळवली होती.

हे त्याने कॉयला सांगितलं नाही.