पाचवीच्या भागाकारातलं शून्य

आखाडा बाळापूरच्या बाजारात भाजी विकून मी डी.एड. केलं. भावात मला कुणी फसवत नाही. पण एका शून्यानं छळलं. चारशे बारा भागिले चार दिलं की माझी पाचवीची पोरं तेरा लिहायची. एकशे तीन येईचना. आणि आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक आमच्याच शाळेत होती. तिथं याच पोरांवर हाच पाठ मला घेऊन दाखवायचा होता.

उत्तर शोधायला मोबाइल उघडण्याआधी मी तळहातावर पेनानं लिहायचो, ‘शून्य काहून?’ काय घ्यायचं ते न ठरवता बाजारात गेलेला माणूस नको ते घेऊन येतो. तरी मीही घसरायचो. भागाकारातून निघून ट्रॅक्टरच्या व्हिडिओवर पोचायचो. हात दिसला की स्वतःला शिवी हासडून मागं फिरायचो. जिथं बघावं तिथं एकच उत्तर: भाग जात नाही, शून्य लिहा. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून दोघांनी आधीच भाव ठरवावा, तसं. एकाचं दुसऱ्यानं उचललेलं. काहून लिहायचं, ते कुणी सांगेना.

केंद्रप्रमुख आले. “पाठ तयार?”

“न्हाई साहेब. अजून पटंना.”

“पाठ करून राहिले की बाजार?” ते हसले, आणि पाठ माझ्या तरुण सहकाऱ्याला दिला.

त्यानं समोर आलेला पहिलाच व्हिडिओ घेतला. त्यात शून्याचं गाणं होतं. बैठकीत पोरांनी टाळ्या वाजवत ते म्हटलं, फळ्यावर एकशे तीन आलं, साहेब खूश.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. “तपासलं होतं का हे?”

“सर, लाखो लोकांनी पाह्यलंय.”

“गर्दीतच सडके टमाटे खपतात, बाबा!”

“जळून राहिले का सर?”

व्हय, जळत होतो.

पाहुणे गेल्यावर मी त्याच पोरांना पाचशे वीस भागिले पाच दिलं. गाणं गुणगुणत निम्म्यांनी चौदा लिहिलं. बाकीच्यांनी गाण्यातलं शून्य आठवून शेवटी चिकटवलं: एकशे चाळीस. एकशे चार कुणाचंच नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला.

“सोडा ना आता,” ते म्हणाले, “फोटोसकट अहवाल गेला वर.”

तळहातावरची शाई घामानं पुसली होती. पेन काढून पुन्हा लिहिलं.

“गुरुजी, हातावर काय लिहून राहिले?” पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली.

“माझा गृहपाठ,” मी खेकसलो. “अजून झाला न्हाई.”